फर्जीची बायको

फर्जी हा शब्द मी पहिल्यांदा शाळेत ऐकला. निजामाच्या राज्यात आमचं शिक्षण उर्दूतून झालं. गणिताचे मौलवीसाहेब फळ्यावर खडू आपटत सांगायचे, "फर्ज करो, एक शख्स के पास बारह बैल हैं." मी विचारलं, "कौन शख्स, साब?" बारा बैल आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हते, एवढा मोठा माणूस कोण, हे मला कळायला हवं होतं. मौलवीसाहेबांनी एक थोबाडीत दिली आणि म्हणाले, "कोई नहीं. फर्जी शख्स." फर्जी म्हणजे नसलेला, गणितापुरता आहे असं धरलेला. गाल चोळत मी कितीतरी दिवस त्या माणसाचा विचार केला. तो बैल बांधतो कुठे, त्यांना वैरण कोण घालतं, असलं काहीबाही.

पुढे तालुक्याच्या कचेरीत नोकरी लागली आणि तिथं हा शब्द रोजच भेटू लागला. फर्जी नाव, फर्जी दस्त, फर्जी विहीर. कैफियत नावाचा एक शेवटचा रकाना प्रत्येक कागदावर असे, आणि त्यात साहेबांनी 'फर्जी' लिहिलं की त्या ओळीत जे काही असेल ते जगातून उठलं असं समजायचं. शाळेतला फर्जी माणूस नव्हता, त्याला आम्ही आहे म्हणायचो. कचेरीत बहुतेक वेळा याच्या उलट चाले.

मी मुकुंदराव. कचेरीत मुतर्जिम होतो, म्हणजे मराठी कागदांचा उर्दूत तर्जुमा करणारा कारकून. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं अजून माझं घर आहे. हुलसूरपासून दोन कोस, एवढं पुरे. त्या गावात राजूबाई नावाची बाई होती. तिच्याबद्दल लिहायचं फार वर्षं टाळलं. आता डोळ्यांना दिसेनासं होत चाललंय, म्हणून लिहून टाकतो.

राजूबाई उंच, हडकुळी, बोलायला कमी. तिचा नवरा अंबाजी पांडुरंगरावांचं ओढ्याकाठचं रान कसायचा. पांडुरंगराव गावचे मोठे जमीनदार. चावडी त्यांच्या ओसरीवरून चाले. सात एकरांचा तो तुकडा आधी नुसता दगडगोटा होता. अंबाजी आणि राजूबाईनं नऊ वर्षं दगड वेचून त्याचं रान केलं. बांधावर त्या दगडांची कंबरभर ताल उभी होती. ती अजून आहे.

अठ्ठेचाळीस सालच्या आषाढात रझाकारांची धामधूम होती. सरहद्दीवरची माणसं जनावरं घेऊन पलीकडे सोलापूरच्या मुलखात जात होती. अंबाजीनंही बैलजोडी सोडली. जाताना बायकोला म्हणाला, "बैलं पल्याड ठिवून येतो. तू रान सोडू नको." राजूबाईनं रान सोडलं नाही. शेजारच्या घरांना कुलपं लागली तरी ती एकटी तिथं राहिली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गेलेली माणसं हळूहळू परत आली. अंबाजी आला नाही. राजूबाई उसन्या बैलांवर पेरत राहिली आणि सकाळी उठून कपाळाला ठसठशीत कुंकू लावत राहिली.

मग कुळांचा कायदा आला. कसणाऱ्याचं नाव वहीत लागलं की त्याला रानातून काढता येणार नाही, असं ठरलं. वहीत ओढ्याकाठच्या रानापुढे 'अंबाजी वल्द हरिबा' असं नाव लागलं होतं. पांडुरंगरावांनी हरकत घेतली: असा कुणी इसमच नाही, पटवाऱ्यानं कागद भरायला नाव घातलंय, नाव फर्जी आहे. त्या काळी अशी फर्जी नावं वहीत ढिगानं होती हे खरं. त्यातली बरीच खुद्द पांडुरंगरावांनीच घालायला लावली होती. पण खऱ्या नावाला फर्जी म्हणायची युक्ती त्यांची स्वतःची.

एक्कावन्नच्या वैशाखात चौकशीचे साहेब चावडीत बसले. तरुण, हैदराबाद शहरातले, उर्दूखेरीज काही न समजणारे. शेजारी मी, तर्जुम्याला. साहेबांची चौकशीची एक पद्धत होती आणि ती त्यांना फार हुशारीची वाटे. वही मिटून ठेवायची. दावा करणाऱ्यानं वहीतलं नाव आपल्या तोंडानं सांगायचं. बरोबर सांगितलं तर खरं. दुसऱ्या कुणी मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही.

साहेबांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं, "रान कसणाऱ्याचं नाव सांग."

राजूबाई खांबाला धरून उभी होती. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "आमचं घरचं मानूस."

"घरच्या माणसाचं नाव सांग, म्हणतात साहेब."

तिनं खांब आणखी घट्ट धरला. चावडीत पन्नास माणसं होती. त्यातल्या प्रत्येकानं अंबाजीबरोबर तंबाखू मळली होती. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. पांडुरंगराव पानाला चुना लावत होते. म्हणाले, "असंल तर घेईल की नाव."

राजूबाई माझ्याकडे वळली. मला ती लहानपणापासून ओळखायची. म्हणाली, "आण्णा, साहेबाला सांगा. मानूस वाटंवर हाय माझं. वाटंवरच्या मानसाचं नाव बायकुनं घेतलं तर वाट तुटती. सासूनं मरताना सांगितल्यालं हाय मला. तुळजापूरच्या देवीचं नाव हाय त्याच्यात. पुढचं तुमी सांगा. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतात, तेवढी सूट. पण राजूबाईच्या घराण्यात नवरा परगावी असला की तीही सूट नव्हती. दळताना, सारवताना, एकटी असताना देखील त्या बायका नाव मनात आणत नसत. हे मला माहीत होतं. पन्नास माणसांना माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं.

"क्या कहती है?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाम नहीं बताती, साब."

हे खोटं नव्हतं. ती नाव सांगत नव्हतीच. तर्जुम्यात एवढंच झालं की तिचं सगळं बोलणं गळलं आणि चार शब्द उरले. नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं, की मी खोटं बोललो नाही. माझ्यासारखा हलकट माणूस असल्या आधारावरच झोपतो.

कारण विचाराल तर सांगतो. पांडुरंगरावांची भाची वृंदा मला देऊ केली होती. त्याच महिन्यात लग्न होतं, त्यांच्याच ओसरीवर मांडव पडायचा होता. सकाळी त्यांनी मला बोलावून फक्त चहा पाजला होता. एक शब्दही बोलले नव्हते. मला समजायला तेवढं पुरलं.

साहेबांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा राजूबाईचे ओठ हलले. 'अं' एवढाच आवाज बाहेर आला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. साहेब हसले. म्हणाले, औरतला आपल्या खाविंदाचं नावही ठाऊक नाही. कैफियतीच्या रकान्यात त्यांनी 'फर्जी' लिहिलं आणि पुढचं पान उलटलं. राजूबाईनं मला विचारलं, "काय लिवलं?" मी शब्द सांगितला. तिला अर्थ कळला नाही. पांडुरंगरावांनी मोठ्यानं समजावून सांगितलं, "म्हंजी असा मानूसच न्हाई. नव्हताच कदी." चावडी हसली. पन्नास माणसं एकदम हसली, आणि त्यात मीही होतो.

गावाला नवा शब्द मिळाला आणि गाव त्याच्यावर तुटून पडलं. सोमवारचा येऊन शनिवारपर्यंत गायब होणारा मास्तर फर्जी मास्तर झाला. सरकारनं कबूल केलेली सडक ती फर्जी सडक. आटलेली गाय फर्जी गाय. पोरं विटीदांडूत डाव चुकला की 'फर्जी, फर्जी' ओरडत. आणि राजूबाई झाली फर्जीची बायको. तोंडावर म्हणत. विहिरीवर बायका विचारत, "फर्जीची बायकू, तुझ्या मालकानं काल काय खाल्लं गं?" ती घागर भरून निघून जाई. ओढ्याकाठच्या रानावर आता तिला रोजानं खुरपायला जावं लागे, दुसऱ्याच्या हाताखाली. स्वतः वेचलेल्या दगडांच्या तालीवर भाकरी सोडून ती जेवायला बसे.

पांडुरंगरावांची बायको चंद्रभागाबाई गौरीच्या हळदीकुंकवाला अंगणात रोजाच्या बायांनाही बोलवायची. वृंदानं पाहिलेलं मला सांगितलं. राजूबाईची पाळी आली तशी चंद्रभागाबाईनं कुंकवाचं बोट हवेतच थांबवलं आणि म्हणाली, "हिला कुनाच्या नावाचं लावू? रिकाम्याच्या?" बायका पोट धरून हसल्या. राजूबाईनं कोयरीतलं कुंकू आपल्या बोटानं घेतलं, स्वतःच लावलं, आणि ओटी न घेता गेली. वृंदा हे सांगताना हसत होती. मग माझं तोंड पाहून थांबली.

माझं तोंड तसं व्हायला कारण होतं. त्याच सालच्या श्रावणात, गौरींच्या आधी, कचेरीतल्या जुन्या कागदांचे बस्ते बांधायचं काम निघालं होतं. माझ्याच मेजाच्या तळातून एक कागद निघाला. सोलापूरच्या एका दवाखान्याचा, मराठीत, शिक्क्यासह. अंबाजी हरिबा, धंदा कूळ म्हणून शेती, राहणार आमचं गाव, ज्वरानं ता. ११ जानेवारी १९४९ रोजी मयत, नातेवाइकांस कळवावे. कागद कचेरीत आला होता त्याच फेब्रुवारीत. वर पोच म्हणून माझी सही होती. त्या दिवसांत कागदांचा पूर आला होता. साहेब लोक मागत त्यांचाच मी तर्जुमा करी, बाकीचे तळात ढकलून देई. कळवावे म्हणून आलेला निरोप मी अडीच वर्षं बुडाखाली घेऊन बसलो होतो.

तो कागद पुढे केला असता तर अंबाजी होता हे शाबीत झालं असतं. कुळानं कसत होता हेही त्यात होतं. माझी नोकरी गेली असती, आणि बहुधा सासुरवाडीही. मी कागद घडी घालून घरी नेला आणि पोथीच्या फडक्यात बांधला.

त्रेपन्न साली नवे साहेब आले, मराठी समजणारे. माझ्या मनानं एक वाट काढली. राजूबाईनं येऊन नाव सांगावं, साहेबांनी चौकशी पुन्हा उघडावी, रान तिला मिळावं, आणि कागद फडक्यातच राहावा. सगळं चांगलं व्हावं, माझ्या अंगाला काही न लागता. चैत्रात मी तिला गाठलं.

"राजूबाई, अर्ज मी लिहितो. तू फक्त साहेबापुढं नाव घे."

"न्हाई आण्णा."

"नाव घेतल्यानं माणूस मरत नसतो. माझं ऐक."

"तुमाला काय ठावं?"

मला पक्कं ठाऊक होतं. मेलेला माणूस पुन्हा मरत नाही. मी म्हणालो, "गाणगापूरच्या पादुकांची शपथ घेऊन सांगतो. अंबाजीला तुझ्या बोलण्यानं काही व्हायचं न्हाई."

 माझ्यासारखा शिकलेला, सोवळ्यात जेवणारा माणूस दत्ताच्या पादुकांची शपथ घेतो म्हटल्यावर तिला काय वाटायचं? दुसऱ्या दिवशी ती पाच कोस चालत कचेरीत आली. साहेबांपुढे उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आंबाजी." मग थांबता येईना तिला. "आंबाजी. आंबाजी हरिबा. आंबाजी." पंधरा वर्षं अडवून धरलेलं नाव होतं ते. शिपाई बघायला दारात गोळा झाले. बोलताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मी खाली मान घातली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, तारखा पाहिल्या आणि सांगितलं, हरकतीची मुदत केव्हाच संपली, आता काही होत नाही. अर्ज दाखल झाला आणि तिथेच पडला.

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी गावातला शिवय्या जंगम सोलापूरहून परतला. एका धर्मशाळेत त्याला कुणी तरी सांगितलं होतं की तुमच्या गावचा अंबाजी वारला. केव्हा, ते शिवय्यानं विचारलं नव्हतं. गावाला विचारायची गरजही वाटली नाही. चैत्रात बायकोनं कचेरीत जाऊन नवऱ्याचं नाव घेतलं, वैशाखात नवरा मेल्याची बातमी आली. "खाल्ला नवऱ्याला," गाव म्हणालं. दोन वर्षं जो माणूस नव्हताच, तो मरायला मात्र सगळ्यांना खरा वाटला. खुद्द पांडुरंगराव तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चांगलं कूळ होतं माझं. असा मानूस मिळायचा न्हाई." कुणीही हसलं नाही.

राजूबाईनं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. रडली नाही. त्या दिवसापासून तिनं कुणाचंच नाव घेणं सोडलं. शेळीला 'ए', शेजारणीला 'ए', देवाला सुद्धा नुसते हात जोडायची. आपल्या तोंडात मरण आहे असं तिच्या मनानं घेतलं. गावानंही तेच धरलं. शेजारच्या गंगव्वाचा पोरगा गोवरानं गेला, तेव्हा या बाईनं त्याला कधी काळी नावानं हाक मारली होती, हे चार बायकांना आठवलं. गंगव्वानं तिला भर रस्त्यात चपलेनं मारलं. ती मार खात उभी राहिली, कारण तिलाही ते पटलं होतं. आया पोरांना तिच्या दारावरून नेताना त्यांचं तोंड पदराखाली झाकत.

मला एक वाक्य बोलायचं होतं. तो चार वर्षं आधीच मेला होता, तू नाही मारलंस. रोज बोलेन म्हणायचो. मग मुलगी झाली, बढती झाली, घर बांधलं. साडेतीन वर्षं हे असं गेलं.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडलं आणि आमचा तालुका म्हैसूरकडे गेला. उर्दूचं काम संपलं. माझी बदली गुलबर्ग्याला झाली. आता त्या कागदानं माझं काही वाकडं होणार नव्हतं, म्हणून मला धीर आला. हेही लिहून ठेवतो. निघायच्या आदल्या दुपारी मी फडक्यातून कागद काढला आणि तिच्या झोपडीवर गेलो.

ती गोवऱ्या थापत होती. मी उभ्यानंच कागद वाचून दाखवला. 

"तारीख कवाची म्हनलाव?"

"एकोणपन्नासची. संक्रांतीच्या आधी."

शेणानं भरलेल्या बोटांवर तिनं संक्रांती मोजल्या. "आन म्या नाव घेतलं त्ये?"

"त्रेपन्नच्या चैत्रात. चार वर्षांनी. तुझ्या तोंडानं न्हाई गेला तो, राजूबाई. तुझा काही दोष न्हाई."

मला वाटलं होतं ती रडेल. पायावर पडेल, अशी सुद्धा माझ्या मनात कुठे तरी आशा होती. ती म्हणाली, "ह्यो कागद तुमच्याजवळ कवापस्नं हाय?"

मी सांगितलं. तिनं हातातलं शेण भिंतीवर नीट थापलं, कडा बोटानं सारखी केली.

"कागद फर्जी हाय," ती म्हणाली.

"न्हाई, हा बघ शिक्का..."

"फर्जी हाय. माझं मानूस माझ्या तोंडानं गेलं. म्या नाव घेईपातूर हुतं त्ये. समदं गाव न्हाई म्हनत हुतं, तवाबी ती चार वर्सं माझ्या कपाळावर हुतं. तुमी त्येबी न्यायला आलाव व्हय?"

 मी कागदाची घडी घातली आणि वळलो. कुंपणापाशी पोचलो तोच मागून आवाज आला.

"मुकुंदराव."

मी थबकलो. साडेतीन वर्षांत तिनं कुणाचं नाव उच्चारलं नव्हतं. आणि मला तर जन्मभर ती आण्णा म्हणत आली होती. मागे पाहिलं. तिनं हात धुतले होते, पदर नीट केला होता आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"मुकुंदराव," ती पुन्हा म्हणाली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मग तिसऱ्यांदा. चावडीत साहेबांनीही तीनदाच विचारलं होतं.

ती पुढच्याच उन्हाळ्यात वारली, असं गुलबर्ग्याला कळलं. मला काहीही झालं नाही. वृंदानं माझ्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, पण माझं नाव तिनं उखाण्यातसुद्धा कधी घेतलं नाही, लाजायची. बाईच्या तोंडून माझं नाव मी तेवढ्या एकाच दुपारी ऐकलं. अजून रोज सकाळी जाग आली की आधी छातीवर हात ठेवून बघतो. नाव घेतल्यानं माणूस मरत नसतो, हे तिला शपथेवर मीच सांगितलं होतं.